ताशी चार मैल

कालवा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? धरणाच्या पोटातून निघालेला, उसाच्या मळ्यांकडे धावणारा पाट. मुठेचा कालवा घ्या, नीरेचा घ्या, त्यांतले पाणी वाहते म्हणूनच ते शेतापर्यंत पोचते. आता असा एक कालवा मनात आणा की ज्यातले पाणी वाहत नाही, निदान वाहू नये अशी ते बांधणाऱ्याची इच्छा असते. रुंदी आठ-दहा मीटर, मध्यावर खोली जेमतेम सव्वा मीटर, काठाने एक पायवाट, आणि पाण्यावर हिरव्या-तांबड्या रंगांनी नटलेली एक विलक्षण लांबुडकी नाव. नावेची लांबी एकवीस मीटर आणि रुंदी केवळ दोन मीटर आठ सेंटीमीटर! आगगाडीचा एखादा डबा आणखी चेपून पाण्यात सोडावा, तसा हा प्रकार दिसतो. तिला इंग्रजीत नॅरोबोट म्हणतात, म्हणजे अरुंद नाव.

इंग्लंड आणि वेल्समध्ये असे कालवे व नौकानयनाच्या नद्या मिळून सुमारे ३,२०० किलोमीटरचे जाळे एका धर्मादाय संस्थेकडे आहे. त्यांवर आज माल फारसा जात नाही, माणसे जातात. कुणी आठवड्याची सुट्टी घालवायला येतात, कुणी बारा महिने नावेतच राहतात. आणि या सगळ्यांना एक नियम लागू आहे. नाव ताशी चार मैलांपेक्षा, म्हणजे ६.४ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने हाकायची नाही. काठावरून झपझप चालणारा माणूस नावेच्या बरोबरीने जातो, आणि सायकलवाला तर घंटी वाजवून पुढे निघून जातो.

तुम्ही म्हणाल, इंजिन आहे, सुकाणू आहे, पाणीही शांत आहे, मग ही बैलगाडीची चाल कशासाठी? हा नियम कुणा आळशी अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेला नाही. तो पाण्यानेच घालून दिला आहे. कसा, ते आपण पाहू.

एक घोडा आणि तीस टन

अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडचे रस्ते म्हणजे पावसाळ्यातला चिखल. घोड्याच्या पाठीवर फार तर सव्वाशे किलो माल लादता येई. बऱ्या रस्त्यावर गाडीला जुंपला तर तोच घोडा टन-दोन टन ओढी. पण त्याच घोड्याला काठावरून चालवून दोराने नाव ओढायला लावली, तर तो पंचवीस-तीस टनांची नाव दिवसभर ओढू शके.

याचे कारण घर्षणात आहे. कोरड्या जमिनीवर जड वस्तू हलवायला मुळात बरेच बल लागते, मग तुम्ही ती कितीही हळू हलवा. पाण्याचे तसे नाही. शांत पाण्यात तरंगणाऱ्या वस्तूला स्थिर असताना घर्षणाचा अडथळा जवळजवळ नसतो. पाण्याचा विरोध सुरू होतो तो वेगाबरोबर, आणि वाढतो तो साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो. म्हणून हळू जाणाऱ्याला पाणी अत्यंत उदार आहे आणि घाई करणाऱ्याला तितकेच कंजूष. पंधरा टनांची नॅरोबोट सातवी-आठवीतला मुलगासुद्धा दोर धरून ओढू शकतो. जरा दम धरून ओढत राहावे लागते एवढेच.

ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या सरदाराची मँचेस्टरजवळ वर्स्ली येथे कोळशाची खाण होती. त्याने जेम्स ब्रिंडली या गिरणीयंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून खाणीपासून मँचेस्टरकडे कालवा काढला. १७६१ साली त्याच्या नावा बार्टन येथे अर्वेल नदीच्या वरून, दगडी पुलावर बांधलेल्या पाण्याच्या वाटेने पार झाल्या, आणि कालवा शहराला भिडल्यावर मँचेस्टरमधला कोळसा जवळजवळ निम्म्या भावाने मिळू लागला. खाणीत झिरपणारे पाणी, ज्याने खाणवाले हैराण झालेले असत, तेच या कालव्याला मिळत होते.

ब्रिंडलीला लिहिणे-वाचणे बेताचेच येई. अडचणीचा प्रश्न पडला की तो अंथरुणावर पडून राही आणि मनातल्या मनात तो सोडवूनच उठे, असे सांगतात. माझ्या मते त्याची खरी कर्तबगारी पुलात नाही, चिखलात आहे. जमिनीत नुसता चर खणून पाणी सोडले तर ते जिरून जाणार. त्यावर त्याने चिकणमाती पाण्याबरोबर मळून, तुडवून तिचा जाड थर चराच्या तळाला व कडांना दिला. आपला कुंभार माती तुडवतो ना, तेच काम, पण मैलोगणती लांबीचे! त्यासाठी कधी गुरेही चरातून हाकत नेत. अशी माती पाण्याला वाट देत नाही. मात्र ती सतत ओली राहिली पाहिजे. कालवा फार दिवस कोरडा ठेवला तर माती वाळून भेगाळते आणि पुन्हा पाणी सोडल्यावर गळती लागते.

पाण्याला मागे जायला जागा हवी

आता वेगाकडे वळू. समुद्रात जहाज पुढे सरकते तेव्हा त्याने बाजूला सारलेले पाणी हवे तिकडे पसरते. कालव्यात त्याला जागा कुठे? नाव जितके पाणी पुढे ढकलते तितके नावेच्या दोन्ही कुशींवरून आणि तळाखालून मागे यावे लागते.

थोडा हिशेब करा. कालव्याचा पाण्याखालचा काटछेद ८ चौरस मीटर धरा. नावेची रुंदी २.१ मीटर आणि ती पाण्यात ०.६ मीटर बुडालेली, म्हणजे तिचा बुडालेला छेद सुमारे १.२६ चौरस मीटर. पाण्याला परतायला उरली जागा ६.७४ चौरस मीटर. ताशी ६.४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १.७८ मीटर. तेव्हा दर सेकंदाला १.२६ × १.७८, म्हणजे सुमारे २.२४ घनमीटर पाणी मागे गेले पाहिजे. ते ६.७४ चौरस मीटरच्या वाटेने जायचे, तर सेकंदाला ०.३३ मीटर वेगाने उलटे वाहणार. नावेच्या दृष्टीने पाहिले तर तिच्या कुशीवरून पाणी १.७८ ऐवजी २.११ मीटर वेगाने जात आहे.

वाहते पाणी वेगवान झाले की त्याचा दाब कमी होतो, हे बर्नुलीचे तत्त्व तुम्ही ऐकले असेल. इथे दाब कमी होतो याचा अर्थ पाण्याची पातळीच खाली बसते. वरच्या आकड्यांवरून ती सुमारे साडेसहा सेंटीमीटर खाली जाते. नाव जणू स्वतःच खणलेल्या खळग्यातून चालते! वेग दुप्पट करू गेलात तर हा खळगा चौपट, म्हणजे सव्वीस सेंटीमीटरचा होऊ पाहील. नावेची शेपटी खाली बसेल, तळ कालव्याच्या गाळाला घासू लागेल आणि इंजिन कितीही ओरडले तरी वेग वाढणार नाही. काठावरचे पाणी आधी ओढले जाईल आणि मग लाट बनून परत आदळेल. त्या ओढाताणीत काठाची माती ढासळते, ती तळाशी जाते, कालवा उथळ होतो, आणि पुढच्या नावेला परतीच्या पाण्याची वाट आणखी अरुंद होते. म्हणून नाविक वेगमापकाकडे पाहत नाही. बहुतेक नावांवर तो नसतोच. तो मागे वळून काठाकडे पाहतो. आपल्या मागून येणारी लाट काठावर फुटत असेल तर हात मागे घ्यायचा. ताशी चार मैल ही फक्त वरची मर्यादा आहे. अरुंद आणि उथळ कालव्यात तीन मैलसुद्धा जास्त होतात.

कालव्यावर जागोजाग जुने विटांचे कमानदार पूल आहेत. पुलाखाली कालवा मुद्दाम अरुंद केलेला असतो, म्हणजे कमान लहान होते आणि पैसे वाचतात. अशा पुलाखाली शिरताच नाव आपोआप मंदावते, जणू कुणी मागून शेपूट धरली. बाहेर पडताच पुन्हा सुटल्यासारखी पळते. कारण आता तुम्हीच सांगू शकाल.

उथळ पाण्यात लाटेचा वेगही खोलीने ठरतो. गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की तो मिळतो. सव्वा मीटरच्या आसपास खोलीला तो ताशी बारा-साडेबारा किलोमीटर येतो. या लाटेची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. ती इंग्लंडची नाही, शेजारच्या स्कॉटलंडमधली आहे. १८३४ साली एडिनबरोजवळच्या युनियन कालव्यावर जॉन स्कॉट रसेल हा तरुण अभियंता घोड्यांनी ओढलेल्या नावेचे निरीक्षण करत होता. नाव एकाएकी थांबली, पण नावेपुढे साचलेले पाणी थांबले नाही. फूट-दीड फूट उंचीचा एकच गुळगुळीत उंचवटा होऊन ते पुढे चालू लागले. रसेलने घोड्यावर बसून त्याचा मैल-दोन मैल पाठलाग केला. ताशी आठ-नऊ मैलांनी, आकार फारसा न बदलता, तो उंचवटा जात राहिला. दीड मीटर खोली धरून वरचे सूत्र वापरून पाहा, ताशी पावणेचौदा किलोमीटर, म्हणजे साडेआठ मैल येतात! या ‘एकाकी लाटे’चे समीकरण १८९५ साली कोर्टेवेग आणि द व्ह्रीस या डच गणितज्ञांनी मांडले, आणि पुढे काचतंतूंतून जाणाऱ्या प्रकाशाच्या स्पंदांच्या अभ्यासातही तीच कल्पना उपयोगी पडली.

नाव हळू चालते म्हणजे ती निरुपद्रवी असते असे मात्र समजू नका. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. पंधरा टनांची नाव सेकंदाला १.४ मीटर चालत असेल तर तिचा संवेग २१,००० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. एक टनाच्या मोटारगाडीला तेवढा संवेग यायला ताशी पंचाहत्तर किलोमीटर वेगाने धावावे लागेल. शिवाय नावेला ब्रेक नाही. पंखा उलटा फिरवायचा आणि वाट पाहायची. काठाला नाव लागताना पाय मध्ये घालून ती अडवू पाहणाऱ्या नवख्याचा पाय चिरडल्याशिवाय राहत नाही, म्हणून नाव ताब्यात देतानाच तशी सक्त ताकीद मिळते.

पाण्याच्या पायऱ्या

जमीन सपाट नसते आणि स्थिर पाणी उतारावर राहत नाही. मग नाव टेकडी कशी चढते?

ब्रिंडली शक्यतो टेकडी टाळून तिला वळसा घाली. त्याचे कालवे समान उंचीच्या रेषेवरून सापासारखे वळत जातात. पण कधी ना कधी चढावेच लागते. तिथे कालव्याला पायरी करतात. या पायरीला लॉक म्हणतात. मराठीत त्याला जलपाश असा शब्द आहे. लॉक म्हणजे दगडी किंवा विटांचा एक हौद, दोन्ही टोकांना दारे असलेला. नाव खालच्या दाराने आत येते. दार लावून घेतात. वरच्या बाजूच्या झडपा हँडल फिरवून उचलल्या की वरचे पाणी हौदात येते आणि नाव आपल्या पायाखालच्या पाण्याबरोबर वर येते. पातळी सारखी झाली की वरचे दार उघडायचे आणि पुढे जायचे. उतरताना सगळे उलट. पंप नाही, इंजिन नाही, विजेची तार नाही.

दारांची रचना पाहण्यासारखी आहे. खालची दोन दारे सरळ रेषेत न मिटता उंच पाण्याच्या बाजूला टोक करून मिटतात. त्यामुळे पाणी जितके जास्त रेटेल तितकी ती घट्ट बसतात. भरलेल्या लॉकमध्ये आत ३.४ मीटर खोली, बाहेर १.२ मीटर आणि रुंदी २.१ मीटर धरून दाबाचा हिशेब करा. दारांवरचा रेटा १०० किलोन्यूटनच्या वर, म्हणजे दहा टन वजनाइतका येतो. उपसून पाणी जवळजवळ उतरले आणि फक्त दहा सेंटीमीटर फरक उरला, तरी अडीचशे किलोग्रॅम वजनाइतका रेटा शिल्लक असतो. त्यामुळे घाई करून दाराच्या लांब तुळईला कितीही पाठ लावली तरी ते हलत नाही, आणि फरक संपला की एखादी मुलगीसुद्धा ते सहज उघडते.

इथे एक धोका आहे. वरच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो आणि तो हौदाच्या आत थोडा पुढे आलेला असतो. लॉक भरलेले असताना तो पाण्याखाली लपतो. उतरताना नावेचे मागचे टोक त्याच्यावर राहिले तर पाणी खाली जाते पण टोक अडकते, नाव पुढे कलते आणि काही मिनिटांत बुडू शकते. म्हणून भिंतीवर पांढरी खूण रंगवलेली असते, आणि नाव तिच्या पुढे ठेवायची असते. काही विपरीत दिसले तर पहिले काम म्हणजे झडपा बंद करणे, ओरडणे नंतर.

कालव्यांवरचे पुष्कळ लॉक सात फूटच रुंद ठेवले गेले. त्यांतील महत्त्वाचे लॉक ब्रिंडलीच्या ट्रेंट–मर्सी कालव्यावरचे. या कालव्याला १७६६ साली मंजुरी मिळाली आणि तो १७७७ साली पूर्ण झाला, ब्रिंडलीच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. त्याच्या हेअरकॅसल बोगद्याची लांबी सुमारे २.६ किलोमीटर, आणि आत घोड्यासाठी वाट नाही! घोडा डोंगरावरून पलीकडे जाई आणि माणसे नावेत उताणी पडून बोगद्याच्या भिंतीवर पाय मारत नाव चालवीत. रुंद लॉक म्हणजे जास्त पाणी आणि रुंद बोगदा म्हणजे जास्त खोदाई. तेव्हा सात फुटांची काटकसर समजण्यासारखी आहे. त्याच फुटपट्टीने नॅरोबोटीची रुंदी कायमची ठरली.

माथ्यावरचे पाणी

पण लॉकचे भाडे द्यावेच लागते, आणि ते पाण्यात द्यावे लागते. २२ मीटर लांब, २.१ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीची पायरी घ्या. गुणाकार सुमारे १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर तुम्ही पाहिला असेल. एक नाव एक पायरी चढली की असे दहा टँकर पाणी वरच्या टप्प्यातून खाली गेले! टेकडीच्या एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरणारी नाव माथ्यावरच्या टप्प्यातून दोन वेळा पाणी नेते, एकदा येताना आणि एकदा जाताना. आणि माथ्यावर तर नदी नसते. लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणाऱ्या कालव्याच्या ट्रिंग येथील माथ्यासाठी म्हणूनच जलाशय बांधावे लागले. त्यांतला विल्स्टनचा जलाशय १८०२ सालचा आहे.

आता डेव्हायझेस या गावाजवळची केन हिल पाहा. केनेट–एव्हन कालवा इथे दोन मैलांत २९ लॉक चढतो, एकूण उंची ७२ मीटर. मधले १६ लॉक तर एका सरळ रेषेत, जिन्यासारखे आहेत. दोन पायऱ्यांमधला कालवा इतका आखूड की त्यात एका लॉकपुरतेही पाणी मावणार नाही. म्हणून अभियंता जॉन रेनी याच्या या कालव्यावर प्रत्येक पायरीशेजारी कालवा आडवा पसरवून मोठी तळी केली आहेत. पंधरा टनांची नाव ७२ मीटर उचलायला लागणारी ऊर्जा काढा. ती विजेच्या तीन युनिटांइतकी भरते. पण इथले लॉक रुंद आहेत, प्रत्येकी सुमारे २३५ घनमीटरचे. तेवढे पाणी ७२ मीटर खाली उतरते तेव्हा सेहेचाळीस युनिटे खर्ची पडतात. तीन युनिटांच्या कामाला सेहेचाळीस! नाविकाला वाटते आपण फुकट वर आलो. तसे ते नाही. १८१२ साली बनवलेले एक वाफेचे इंजिन याच कालव्यावर क्रॉफ्टन येथे माथ्यावर पाणी चढवी, आणि केन हिलच्या पायथ्याशी १९९६ साली बसवलेले पंप दिवसाला ३ कोटी २० लाख लिटर पाणी परत वर नेऊ शकतात.

यातूनच नाविकांचे काही शिष्टाचार निघाले आहेत. समोरून नाव येत असेल आणि पाणी तिच्या पातळीला असेल तर तुम्ही थांबायचे आणि तिला आधी येऊ द्यायचे, म्हणजे एकाच हौदभर पाण्यात एक नाव उतरते आणि दुसरी चढते. रुंद लॉक असेल तर मागून येणाऱ्या नावेची वाट पाहून दोघांनी शेजारी-शेजारी जायचे. आणि निघण्यापूर्वी प्रत्येक झडप बंद आहे ना ते पाहायचे. हे शेवटचे किती गंभीर आहे ते २०१८ च्या मार्चमध्ये दिसले. चेशायर परगण्यात मिडलविचजवळ कालव्याचा बांध फुटून पाणी खालच्या नदीत गेले, मागे कितीतरी नावा चिखलात बसल्या आणि तो मार्ग डिसेंबरपर्यंत बंद राहिला. लॉकच्या झडपा उघड्या राहून पाण्याचा लोंढा खाली आला हे त्याचे संभाव्य कारण सांगण्यात आले. योगायोग असा की त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यात मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या परिसरातील वस्तीत पाणी घुसले होते. वाहता असो की स्थिर, मातीच्या बांधामागे धरलेले पाणी वाट शोधतच असते. २०२५ च्या पहिल्याच दिवशी, मोठ्या पावसानंतर, ब्रिजवॉटरचा तो जुना कालवाही डनहॅम येथे फुटला. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पावसाने इतकी ओढ दिली की जलाशय खाली गेले आणि लीड्स–लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग नावांना बंद ठेवावा लागला.

मग नाव पाणी न सांडता उचलता येणार नाही का? चेशायरमध्येच अँडरटन येथे १८७५ साली तसा पाळणा बांधला गेला. नदी खाली, कालवा पंधरा मीटर वर. पाण्याने भरलेल्या दोन लोखंडी टाक्या एकमेकींना तोलून धरीत, एक वर जाई तेव्हा दुसरी खाली येई. एका टाकीत नाव आणि दुसरीत नुसते पाणी असले तर तोल जाणार नाही का? नाही जाणार. तरंगणारी नाव आपल्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते, तेव्हा पातळी सारखी असेल तर नाव असलेली आणि नसलेली टाकी एकाच वजनाची. आर्किमिडीजचे तत्त्व सुमारे एकवीसशे वर्षांनी असे कामाला आले. पण असले यंत्र महागडे आणि नाजूक असते. लॉकची गोष्ट वेगळी, लाकडी दारे आणि दोन माणसांचे खांदे एवढ्यावर ते अडीचशे वर्षे चालले आहेत.

नावेतली माणसे

आगगाडी आल्यावर कालव्यांचे भाव उतरले. पगाराची माणसे परवडेनात, तेव्हा अनेक नावाड्यांनी घरची बिऱ्हाडे नावेवर आणली. साधारण तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा खोलीत आई, बाप, मुले, चूल आणि बिछाना! तुमच्या वयाची मुले सुकाणूचा दांडा धरीत, घोड्यामागे चालत, लॉकची दारे ढकलीत. नाव आज इथे तर उद्या तिथे, मग शाळा कोणती? जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाने पाठपुरावा केल्यावर १८७७ साली कायदा झाला, नावांची नोंदणी सुरू झाली आणि मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी ठरवण्यात आली. तरी कितीतरी मुले निरक्षरच मोठी झाली.

१९६२–६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि उरलासुरला मालवाहू धंदा बहुतेक संपला. कालवे मात्र संपले नाहीत. टॉम रोल्ट हा यंत्र-अभियंता १९३९ साली ‘क्रेसी’ नावाच्या नावेतून बायकोबरोबर कालव्यांच्या सफरीला निघाला होता. त्याचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ साली निघाले, आणि दोनच वर्षांनी त्याने व इतरांनी मिळून कालवे वाचवण्यासाठी संघटना काढली. गाळाने भरलेले कितीतरी कालवे स्वयंसेवकांनी फावडी घेऊन मोकळे केले. केन हिलचा तो जिना १९९० साली पुन्हा खुला झाला.

आता तुम्हाला अशी सफर करायची आहे असे समजा. लंडनच्या ब्रेंटफर्डपासून बर्मिंगहॅमपर्यंत ग्रँड युनियन कालव्याने १३७ मैल आणि १६६ लॉक आहेत. सरासरी वेग ताशी तीन मैल धरा, आणि प्रत्येक लॉकला पाव तास. चालण्याचे सुमारे सेहेचाळीस तास, लॉकचे साडेएकेचाळीस, मिळून जवळजवळ अठ्ठ्याऐंशी. रोज सात तास हाकली तर साडेबारा दिवस. आगगाडीने हेच अंतर दोन तासांच्या आत कापले जाते. पण आकड्यांकडे नीट पाहा. वेळेचा निम्म्याच्या जवळपास भाग चालण्यात जातच नाही, पाणी भरण्या-उपसण्यात जातो. म्हणजे नावेचे इंजिन दुप्पट ताकदीचे केले, काठांची पर्वा सोडली, तरीही तुम्ही फार लवकर पोचणार नाही.

एक कोडे तुमच्यासाठी ठेवतो. एकाच लॉकमधून एक भरलेली नाव चढली आणि तशीच दुसरी उतरली. वरच्या टप्प्यातून जास्त पाणी कोणी नेले? उत्तर काढताना नाव आत शिरते आणि बाहेर पडते तेव्हा तिने सारलेले पाणी कुठल्या बाजूला जाते ते विसरू नका.

आणि एक प्रयोग. पत्र्याची किंवा प्लास्टिकची अर्धगोल पन्हळ दोन्ही टोके बंद करून पाण्याने भरा. साबणाच्या डबीत थोडी वाळू घालून तिची नाव करा. तिला दोरा बांधून तो टेबलाच्या कडेवरून खाली सोडा आणि टोकाला एक नट लटकवा. नाव किती सेकंदांत पन्हळ पार करते ते मोजा. मग नटांची संख्या चौपट करा. वेळ निम्मा होतो का? सुटताना वेग घ्यायला लागणारा वेळ लक्षात घ्या आणि फक्त मधल्या भागाचे मोजमाप करा. शेवटी पन्हळीच्या मध्यावर दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे लावून वाट अरुंद करा आणि नाव त्यातून जाताना तिच्या कुशीजवळच्या पाण्याच्या पातळीवर नजर ठेवा. खडूची थोडी पूड पाण्यावर भुरभुरलीत तर पाणी मागे पळतानाही दिसेल. ठोकळे आणखी जवळ आणा आणि पुन्हा मोजा.